जॉइंट खात्यावरचा संसार

लिफ्टच्या दुरुस्तीत माझा हात कुणी धरणार नाही. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला बाहेरून धीर देत देत मी अलगद खाली आणतो. घरात बायको तशीच अडकून बसली होती, हे मात्र मला तिनं बॅग भरल्यावर कळलं. ती नर्स. दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलात बदली मागून घेतली आणि निघाली. जाताना म्हणाली, "बटण दाबल्याशिवाय तुम्ही हलत नाही. माझं बोट दुखायला लागलंय." यावर मला सणसणीत उत्तर सुचलं, पण तोवर तिची गाडी दोन स्टेशनं पुढे गेली होती.

घटस्फोटाचं बोलणं निघालं, अर्ज कुणीच केला नाही. फोन करायचा नाही, हेही न बोलताच ठरलं. उरलं जॉइंट खातं. दोघांचे पगार त्यात, दोघांकडे कार्ड, आणि कुणीही खर्च केला की दोघांच्याही मोबाइलवर मेसेज.

मी ते मेसेज प्रेमपत्रासारखे वाचू लागलो. औषधांचं दुकान दिसलं की पुढचा मेसेज येईपर्यंत फोन हातातून सुटायचा नाही. एकदा पुरुषांच्या कपड्यांचं दुकान आलं, तेव्हा मी जेवलोच नाही. ते कपडे सासऱ्यांसाठी असतील, हे डोक्यात शिरायला आठवडा गेला. मग वाटलं, तीही माझे मेसेज वाचत असणार. झालं! माझा खर्च एकदम सुधारला. व्यायामशाळेची फी भरली. गेलो एकदाच, तेही तिथली लिफ्ट बिघडली म्हणून. जाडजूड पुस्तकं घेतली. हॉटेलातलं जेवण तेवढं रोखीनं.

हे ताईला कळलं तेव्हा तिनं मला दंडाला धरून एका वकीलबाईंपुढे नेऊन बसवलं.

"घटस्फोट होईपर्यंत तुम्ही नवरा-बायकोच," वकीलबाई म्हणाल्या. "राज्य वेगळं झालं म्हणून हक्क संपत नाहीत. तुमच्या बायकोला तिकडच्या कोर्टातही पोटगी मागता येईल. आणि उद्या त्यांनी खात्यातले सगळे पैसे काढले, तर बँक त्यांना अडवणार नाही."

"काढू दे की," मी म्हणालो. "मेसेज तर येईल."

ताईनं कपाळावर हात मारला.

पगारासाठी वेगळं खातं उघडा, हे कार्ड वापरू नका, आणि येत्या सोमवारी खातं गोठवायचा अर्ज द्या, असं वकीलबाईंनी सांगितलं. सल्ला शहाणा होता. पण खातं गोठलं की ती कधी आजारी पडली, कधी बरी झाली, मला काहीच कळणार नव्हतं. ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. रडलो ते वकीलबाईंच्या ऑफिसातल्या बाथरूममध्ये. ताईला सांगितलं, सर्दी झालीय.

तरी एकदा शहाण्यासारखं वागून बघावं म्हणून कार्ड खिशातच ठेवलं. रविवारी दुपारी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून ग्रीस लावत होतो, तेव्हा फोन वाजला. तिचा. हातातला पाना थेट तळाला गेला.

"आठवडा झाला, एका पैशाचा मेसेज नाही," ती म्हणाली. "बरे आहात ना?"

इतक्या महिन्यांत घोकून ठेवलेली कितीतरी वाक्यं माझ्यापाशी होती. मी म्हणालो, "वकीलबाईंनी कार्ड वापरू नका म्हणून सांगितलंय."

"बरं. धडधाकट आहात ना, मग झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ग्रीसचे हात तसेच घेऊन मी जिन्यानं खाली धावलो. कोपऱ्यावरच्या दुकानात साबणाची वडी उचलली आणि कार्ड पुढे केलं.

"एवढ्याशा वडीला कार्ड?" दुकानदार वैतागला. "सुटे नाहीत का?"

"आहेत," मी म्हणालो. "पण घरी कळवायचंय."