माझी तपासणी पुन्हा झाली तेव्हा

अर्जुनी मोरगावला आमचं भांड्यांचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात वरच्या फळीवरची गंजं-पातेली उतरवताना मला धाप लागू लागली. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला जाऊन हृदयाची तपासणी करायला सांगितलं. हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं, ते त्यात मोजतात. माझा मुलगा नागपुरातच औषधांच्या कंपनीत आहे. त्यानं नंबर लावला.

हात डोक्यावर घेऊन निजायचं असतं. शिरेतून औषध सोडतात आणि ते रक्तातून स्नायूत कसं उतरतं, ते कॅमेरा टिपत जातो. तिथल्या मुलीनं बजावलं होतं, "काकू, सुरुवातीची मिनिटं अजिबात हलू नका." पण औषध आत गेलं आणि माझा खांदा असा ठणकला, की मी अंग जरा वर ओढून घेतलं. एवढ्यानं काय होतं, असं वाटलं.

नंतर तिनं आम्हा दोघांना आत बोलावलं. हृदयाला पोचणाऱ्या रक्ताचा आकडा फारच कमी आला होता. मुलगा घाबरला. ती म्हणाली, थांबा, आणि पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकवून दाखवली. मध्येच माझं हृदय टुणकन वर गेलेलं होतं. तेवढ्यानं हृदयाच्या पोकळीतलं रक्त कुठलं आणि स्नायूतलं कुठलं, याचा हिशेब चुकला होता.

"हा आकडा खरा नाही," ती म्हणाली. "पूर्वी आम्हीसुद्धा असे आकडे पुढं पाठवायचो. आता प्रत्येक चित्र तपासतो. थोडं हललं तर संगणकावर सुधारता येतं, हे सुधारत नाही."

यावर विसंबलं तर उगाच अँजिओग्राफी होईल, म्हणून तपासणी पुन्हा करायची होती. पण त्या औषधाचा जोर काही तासांत उतरतो, त्यामुळे जितके पेशंट तितकंच मागवतात. उद्याचे नंबर भरले होते. तिनं पुढचा मंगळवार सांगितला. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात मुलगा फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, उद्या सकाळी. कोणाच्या जागी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर एक नवरा-बायको बसलेले दिसले. आदल्या दिवशीही ते तिथंच होते. बाईनं मला पिण्याचं पाणी कुठं मिळतं ते विचारलं होतं. सालेकसाकडचे, थोडी शेती आणि जंगलातलं काम. माझं नाव पुकारलं गेलं. या वेळी मी दगडासारखी पडून राहिले.

बाहेर आले तर ती मुलगी त्यांना सांगत होती, आजचं औषध संपलं, मंगळवारी या. माणसानं एवढंच विचारलं, "काऊन जी?" एका पेशंटची तपासणी पुन्हा करावी लागली, असं ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. त्यानं पाण्याची बाटली पिशवीत घातली.

माझं हृदय ठीक निघालं. धाप अंगात रक्त कमी असल्यामुळे होती. मुलानं मला आनंदानं गाडीत बसवून दिलं. गाडी सुटल्यावर पाहते तर समोरच्या बाकावर तेच दोघं.

भंडारा जाईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. मग राहवलं नाही. म्हटलं, "आजचा नंबर तुमचा होता. तो मला दिला."

"मालूम आहे," बाई म्हणाली. "तुमचा पोरगा फोनवर बोलून राहिला होता, तं आमी तिथंच होतो. तुमाले मंगळवारी येता नसतं आलं का?"

"आलं असतं," मी म्हणाले.

"जाऊ दे वो," तो तिला म्हणाला. तिनं मुरमुऱ्याची पुडी सोडली आणि माझ्यापुढंही धरली. मी मूठभर घेतले.

गोंदियाला उतरताना मी त्यांचा फोन नंबर मागून घेतला. मंगळवार उलटल्यावर फोन केला, तो बाईनं उचलला. ते जाऊन आले होते. त्याच्या हृदयाच्या एका भागाला रक्त फार कमी पोचत होतं. त्याला तिथंच ठेवून घेतलं, बंद झालेली नस उघडली. मधल्या दिवसांत तो काय करत होता, असं मी विचारलं. खळ्यावर धान चुरून राहिला होता, बाई म्हणाली, चुरणा कोणासाठी थांबते?

मुलगा म्हणतो, त्याचं भलंच झालं ना, मग कशाला मनाला लावून घेतेस? मुलाचं खरं आहे. पण ज्या दिवसांत तो माणूस खळ्यावर राबत होता, त्याच दिवसांत मी माझा चांगला आकडा शेजारणींना सांगत होते. तो आकडा खरा होता आणि त्यांच्या नंबरावर मिळाला होता, म्हणून जास्तच लागतं.

फोन ठेवण्याआधी तिनं माझी तब्येत विचारली. बरी आहे, म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता याले गोळी द्याची आहे," आणि तिनं फोन ठेवला.