पार्किंग गराजमध्ये भरलेलं कोर्ट

"सुजाता, तुझे मेंटर्स कुठे आहेत?" जजबाईंनी खुर्चीवरूनच विचारलं.

मला तरी कुठे माहीत होतं? उजवीकडचा मेंटर्सचा अख्खा बाक रिकामा होता. आणि नेमकी त्यांनाच बघायला राज्य सरकारच्या ऑफिसातून डायना आली होती.

जरा समजावून सांगते. मी अ‍ॅरिझोनात एका व्हेटरन्स कोर्टाची कोऑर्डिनेटर आहे. सैन्यातून परतलेला माणूस दारू, ड्रग्ज किंवा युद्धाच्या आघातापायी गुन्ह्यात अडकला, तर हे कोर्ट त्याला जेलऐवजी उपचार देतं. ठरलेल्या दिवशी जजसमोर यायचं, टेस्ट द्यायची, काउन्सेलिंगला जायचं. सोबतीला एक मेंटर, म्हणजे स्वतः सैन्यात राहिलेला आणि फुकट वेळ देणारा माणूस. या मेंटर्सचं ट्रेनिंग राज्याच्या ग्रँटवर चालतं. ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे डायनाच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी माझी आठवडाभर गडबड चालली होती. इस्त्रीचे शर्ट घाला, ओळीत बसा, च्युइंगम नको. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

पण कोर्ट सुरू होण्याआधी, त्या दिवशी ज्यांची तारीख असते त्यांची मेंटर्स स्वतःच हजेरी घेतात. सैन्यातली सवय. त्यात रिक नव्हता. इराकमधून परतलेला, आधीच तारखा चुकवलेला. आज आला नाही तर वॉरंट आणि मग थेट जेल, हे त्याला जजबाईंनी बजावलं होतं. एक माणूस कमी भरतोय म्हटल्यावर ही मंडळी कुणालाही न विचारता त्याला शोधायला निघून गेली. मलासुद्धा न सांगता! हे सगळं मला नंतर कळलं; त्या क्षणी मी फक्त मनातल्या मनात एकेकाचा उद्धार करत होते.

"ते नेहमी येतात ना?" डायनानं हळूच विचारलं. "नेहमी," असं म्हणून मी पुन्हा दाराकडे बघितलं.

तेवढ्यात वॉल्टरचा फोन आला. वॉल्टर म्हणजे रिकचा मेंटर, अमेरिकेच्या मरीन दलातला म्हातारा सैनिक.

"सापडला, मॅम. पार्किंग गराजमध्ये, गाडीत बसलाय."

"प्यायलाय?"

"नाही. सिक्युरिटीच्या रांगेत मागून गर्दी झाली, मशीन वाजलं, आणि हा पळाला. आज काही त्याला आत येणं जमणार नाही."

मी जजबाईंना सांगितलं. गैरहजर म्हणजे गैरहजर, हा नियम त्यांचाच. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तो कोर्टात येऊ शकत नसेल, तर कोर्ट तिकडे जाऊ दे. सगळ्यांना बोलव."

निघाली आमची वरात! पुढे काळा झगा सावरत जजबाई, मागे दोन्ही बाजूंचे वकील, टायपिंगचं मशीन उचलून स्टेनोग्राफर, नव्या हील्समध्ये अडखळत मी, सर्वांत मागे डायना. गराजमध्ये भट्टीसारखं तापलं होतं. रिकच्या गाडीभोवती मेंटर्स गोल करून उभे होते, गाडीकडे पाठ करून, तोंडं बाहेर. त्याच्या मागून कुणी येऊ नये म्हणून. हे मी त्यांना कधीच शिकवलं नव्हतं.

जजबाई खिडकीपाशी वाकल्या. "रिक, हजर आहेस?"

"येस, युवर ऑनर." आवाज थरथरत होता, पण तो बाहेर येऊन ताठ उभा राहिला.

"या आठवड्याच्या टेस्टचा रिपोर्ट?"

"क्लीन," मी म्हणाले.

"सरकारी वकील?"

"वॉरंटची गरज नाही, युवर ऑनर."

आमच्याकडे चांगल्या रिपोर्टला टाळ्या वाजवतात. त्या दिवशी गराज असं दणाणलं, की कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजू लागला. रिक दचकला, वॉल्टरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग दोघंही हसत सुटले. मी टाळ्या वाजवत होते आणि रडतही होते. डायनाचं नाकही लाल झालं होतं.

ग्रँट मिळाली. रिकला आता बाजूच्या दारानं आत घेतात, वॉल्टर त्याच्या मागून चालतो, आणि त्यानंतर रिकची एकही तारीख चुकलेली नाही.

मी त्यातून एवढंच शिकले, की सरकारी पाहुणे येणार असतील त्या दिवशी हील्स घालू नयेत.