मास्तर मागं, पोट्टे समोर, बंडी उलार!

कसं सांगू लेकहो, हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसानच! नोकरी वाचवाले गेलो अन् मान मोडता मोडता राहिली.

रामाकोन्याजवळच्या एका शाळेत मी अतिथी शिक्षक. विषय भौतिकी. अतिथी म्हणजे काय? पाहुणाच! पुढच्या वर्षी ठेवायचं का नाई, ते प्रिंसिपल साहेब त्या दिवशी माझा तास पाहून ठरवणार होते.

म्हटलं, पाठांतर नाई करायचं. पोराईनं आधी अंदाज करावा, मग त्याचं मॉडेल बनवावं, मग करून पाहावं. वर्गातल्या पायलच्या घरची रिकामी बंडी मैदानात आणली. बैल सोडलेले.

"बोला, मी बंडीच्या मागच्या टोकाले उभा राहिलो तं?"

"उलार होईन जी, सर!" पायल म्हणाली. "कापूस मागं जास्त भरला का समोरची दांडी वर जाते न!"

शाब्बास! मग पोराईनं पेन्सिलीवर पट्टी ठेवली. पेन्सिल म्हणजे चाकाचा आस. एका टोकाले खोडरबर, म्हणजे मी. दुसऱ्या टोकाले खडूचे तुकडे, म्हणजे पोट्टे. खडू वाढवले, पट्टी सरळ!

"म्हणजे आम्ही सारे समोर बसलो तं तुम्ही पडत नाई, सर."

"वा! चला, करून पाहू!"

पोट्टे समोर दाटीवाटीनं बसले, मी मागं ऐटीत उभा. बंडी जागची हालली नाई! मले तं बापा असा आनंद झाला का विचारूच नका. हात वर करून भाषणच सुरू केलं.

तेवढ्यात फाटकातून प्रिंसिपल साहेब.

आता आमच्या शाळेची शिस्त पहा! बडे सर दिसले का बसून राहायचं नाई. साऱ्या पोट्ट्याईनं एका दमात खाली उड्या मारल्या. "नमस्ते सssर!"

अन् मी? मी गेलो न मागं! दांडी आभाळात, मी धुळीत, पाय वर, चष्म्याचा पत्ता नाई.

साहेब वाकून पाहून राहिले. "हे काय चालू आहे, मास्तर?"

मी धुळीत चष्मा चाचपत राहिलो. संपलं, म्हटलं, आता घरी बसून संत्री तोडा! तं पायलच बोलली, "आमचं वजन उतरलं जी, सर. आसाच्या मागं हे एकटे राहिले, समोर कोणीच नाई. मंग बंडी उलटनच न!" अन् पट्टीवरचे खडू उचलून दाखवलं पोट्टीनं. खोडरबर धाडकन खाली.

साहेब हसता हसता तिथंच बसले. "राहा मास्तर, पुढच्या वर्षीही राहा."

राहिलो जी! शाळा उघडल्यावर छाती फुगवून नव्या वर्गात गेलो. हजेरीही झाली नाई तं पहिल्या बाकावरून एक हात वर. मले वाटलं, पहा, याले म्हणतात जिज्ञासा!

"सर, तुम्ही पडता तो धडा कधी आहे?"