शेवट ताणलेला वाटतो

दुपारी जेवण झालं की माझे डोळे मिटतात, आणि हातात नवोदितांची कथा असली तर जरा लवकरच मिटतात. हा विनोद मी चौदा वर्षं करते आहे आणि लोक हसतातही. आज मात्र झोप लागू नये म्हणून मी धडपडते आहे.

सांगलीतल्या एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेची मी पहिली परीक्षक. आलेली पाकिटं आधी माझ्या घरी येतात. मी त्यातल्या दहा कथा निवडून पुढे पाठवते, बाकीच्या साभार परत जातात. उद्या सकाळी माझी यादी द्यायची आहे. नऊ कथा ठरल्या आहेत. दहावी माझ्या छातीवर उघडी पडली आहे, आणि तिच्यावर एक पत्र आहे.

'मा. मुजुमदार बाईंना सप्रेम नमस्कार. माझी आई यमुना कोष्टी जुलैमध्ये वारली. गेल्या वर्षी तुम्ही तिची कथा परत पाठवताना शेवट ताणलेला वाटतो, थोडा सुखद करून पाहावा, असे लिहिले होते. आईने दवाखान्यात बसून शेवट बदलला. जुनी प्रत बंबात घातली. नवी मी टाइप करून घेतली, ती सोबत आहे. बक्षीस नको. शेवट आता बरोबर झाला का, एवढेच कळवावे. आपली, सुरेखा. इचलकरंजी.'

कथा एका मागवाल्याच्या बायकोची आहे. नवऱ्याने दुसरं घर केलंय, तरी ही रोज त्याचा डबा घेऊन यंत्रमागाच्या शेडवर जाते. अकरा पानं वाचून मी पेन खाली ठेवलं. चौदा वर्षांत असं दोनदाच झालं असेल. मग बारावं पान. त्यात नवरा पाया पडतो, सवत पेढे वाटते आणि तिघं मिळून फोटो काढतात.

जुना शेवट काय होता, ते मला आठवत नाही. आठवणार कुठून, मी तो वाचलाच नव्हता.

गेल्या वर्षी छापील 'साभार परत'च्या चिठ्ठ्या संपल्या. उरलेल्या पाकिटांत हाताने दोन ओळी लिहून घातल्या. 'शेवट ताणलेला वाटतो' हा शेरा कुठल्याही कथेला बसतो. कथा वाचलेली असो वा नसो, लिहिणाराही मान डोलावतो. अशा सात पाकिटांत मी तोच शेरा घातला आणि वर स्वतःच्या नीटनेटक्या अक्षराचं कौतुकही केलं.

पंखा फिरतोय. पत्रातली अक्षरं एकमेकांत सरकायला लागतात. पायाशी ठेवलेली पाकिटं कुणीतरी उचलून बाजूला ठेवतं.

"सरका की जरा, बाई. किती पसारा मांडलाय!"

मी पाय आखडून घेते. कॉटच्या कडेला एक बाई बसली आहे. सुती पातळ, घट्ट अंबाडा, केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी पूड. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. तरी त्या यमुनाबाई आहेत याबद्दल मला जराही शंका येत नाही, आणि त्या वारल्या आहेत हेही मला ठाऊक आहे.

"पत्र मिळालं न्हवं का?" त्या विचारतात.

"आजच मिळालं."

"मग या. कुठं ताणलाय ते दाखवा म्हंजे झालं."

त्या उठतात. मी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात जाते. स्वयंपाकघर चांगलंच लांब आहे. ओट्याच्या जागी एक तिरकं टेबल आहे, त्याच्या काचेखाली दिवे लागलेत, आणि काचेवरून वरून खाली कापड उतरतंय. पांढरं, थांबत नाही असं. पलीकडे दोन्ही बाजूंना माग चालू आहेत. सुताचे धोटे इकडून तिकडे जाताहेत. आवाज मात्र काहीच नाही. मी कानांत बोट घालून पाहते. माझा स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही, पण यमुनाबाईंचं बोलणं अगदी कानाशी येतं.

"बत्तीस वर्सं कापड तपासलं मी. आमच्यात नुस्तं वाईट हाय म्हणून चालत न्हाई. दोष कुठं हाय तितं बोट ठेवावं लागतं. तुटका धागा, डाग, गाठ, काय आसंल ते." त्या कापडावर तळवा ठेवतात. कापड थांबतं. "ठेवा बोट."

मी वाकून पाहते. कापडावर निळ्या शाईत ओळी आहेत. हाताने लिहिलेल्या, गोलसर अक्षराच्या. ही ती जुनी प्रत आहे. अकरा पानं मी ओळखते. त्यानंतर कापडाला जाड शिवण आल्यासारखं दिसतं आणि पुढे काही नाही.

"इथं..." मी म्हणते.

"तितं कसं? तितं तर शेवट सुरूच झाला न्हाई."

माझं बोट हवेतच राहतं. मला घाम फुटतो. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर फुटायचा तसा. वर्गात मी शेकडो मुलांना असं उभं केलंय.

"यमुनाबाई, मला नीट आठवत नाही. खूप कथा असतात हो."

"आसत्याल की." त्यांच्या आवाजात राग नाही. असता तर मला बरं वाटलं असतं.

आता आम्ही पोस्टात आहोत. खिडकीपुढे रांग आहे. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात परत आलेलं पाकीट आहे, त्यावर त्यांच्याच अक्षरात त्यांचाच पत्ता. सगळे पाकिटाचा कोपरा उचकटून आत एक डोळा लावून बघताहेत. मी मान खाली घालते. माझं कुणी ओळखीचं नाही, पण यांच्यातल्या सात जणांना माझं अक्षर ओळखीचं आहे.

"ते काय बघताहेत?"

"चिकटलंय का सुटलंय, ते." यमुनाबाई पदरातून रेघांच्या कागदांचा गठ्ठा काढतात. "आमी नवे लिवणारे लई पोचलेले असतोय, बाई. शेवटची दोन पानं आतनं जरा चिकटवून द्यायची. हितं बघा, खळीचा एवढासा ठिपका. सुतावर चढवत्यात ती खळ. वाचणारा पान उलटंल तवा सुटंल. परत आल्यावर बघायचं. सुटलं आसंल तर त्यानं वाचलं."

त्या गठ्ठा माझ्या हातात देतात. अकरावं आणि बारावं पान एकमेकांना घट्ट धरून आहेत.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"पाकीट फोडलं तवाच."

"मी वाचलं नाही हे ठाऊक होतं, तरी तुम्ही शेवट बदललात? का? माझ्या तोंडावर फेकायचं होतंत ते पाकीट!"

रांग पुढे सरकत नाही. सगळे आमच्याकडे पाहताहेत. यमुनाबाई भुवईवरचा कापूस झटकतात, तो खाली पडत नाही.

"अकरा वर्सं गोष्टी धाडल्या मी. कुठं कुठं धाडल्या. सगळीकडनं छापलेली चिठ्ठी यायची. तुमी हातानं लिवलं. माझं नाव घालून. यमुनाबाई म्हणून." त्या हसतात. "वाटलं, एवढं लिवलंय तर माणसाचं ऐकावं एकदा."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी रडते आहे आणि रडण्याचाही आवाज येत नाही.

"आता वाचा," त्या म्हणतात.

मी अंगठ्याचं नख पानांच्या मध्ये घालते. घाई केली तर कागद फाटेल. खळ सुटत नाही. आम्ही आता न्हाणीघरात आहोत. बंब पेटलेला आहे, त्याचं तोंड उघडं आहे आणि यमुनाबाई त्याच्यापुढे पाटावर बसून हात शेकताहेत. उजेड त्यांच्या हातांतून आरपार येतोय.

"लवकर, बाई. पाणी तापत आलं."

टक् करून पान सुटतं. हा एवढाच आवाज मला ऐकू येतो. मी वाचते. अर्धंच पान आहे. ती बाई डबा घेऊन शेडच्या दारात येते, आणि मग जे करते ते वाचून माझे हात थांबतात. मी पुन्हा वाचते. त्यात एक शब्द जास्त नाही. असा शेवट मी इतक्या वर्षांत कुणाच्याच पाकिटात पाहिला नाही, आणि तो माझ्या घरी येऊन, माझ्या कॉटवर पडून, परत गेला होता.

"कुठं ताणलाय?" यमुनाबाई विचारतात.

"कुठेच नाही."

"बोट फिरवून सांगा."

मी शेवटच्या ओळीवरून बोट फिरवते. "कुठेही नाही, यमुनाबाई. दोष नाही."

"मग पास." त्या माझ्या हातातून पानं घेतात, गठ्ठा नीट ठोकून कडा जुळवतात आणि बंबात घालतात. मी ओरडते. हात आत घालते. त्या माझं मनगट धरतात. त्यांचा हात कोरडा आहे आणि अगदी हलका.

"आता ही वाचलेल्या तुमी एकट्याच. ध्यानात ठेवा म्हंजे झालं."

मी उठून बसते. पंखा फिरतोय. घड्याळात साडेतीन झालेत. शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या करतोय आणि तो आवाज ऐकून मला हायसं वाटतं. मी घाईने कागद ओढते. ती बाई डबा घेऊन शेडच्या दारात येते. येते आणि? मी डोळे मिटते, उघडते, पुन्हा मिटते. दारापर्यंत सगळं लख्ख आहे. त्यापुढचं एक अक्षर आठवत नाही. मी अर्धा तास तशीच बसून राहते, डोक्यात जाता येईल तेवढी खोल जाते, आणि हाती काही लागत नाही.

मग सुरेखाला पत्र लिहिते. 'शेवट बरोबर झालेला नाही. आधीचा बरोबर होता. गेल्या वर्षी मी तो न वाचताच शेरा मारला. तुझ्या आईला ते माहीत होतं. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही. कथा मी पुढे पाठवते आहे, अकरा पानांची. बाराव्या पानाच्या जागी कोरं पान लावते आहे आणि त्याचं कारण पुढच्या परीक्षकांना माझ्या सहीने लिहून देते आहे.'

सही करताना अंगठ्याच्या नखात काहीतरी टोचतं. मी टाचणीने ते बाहेर काढते. कागदाचा कपटा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. मळकट पिवळा, रेघांच्या वहीचा. त्यावर निळ्या शाईत एक काना आणि एक पूर्णविराम. सुरेखाने पाठवलेली प्रत पांढऱ्या कागदावर, काळ्या टाइपात आहे. रेघांची वही माझ्या घरात नाही.

मी तो कपटा पत्रावर, सहीच्या खाली ठेवते आणि बोटाने दाबते. डिंक शोधावा लागत नाही. मागची खळ अजून ओली आहे.