घार की धार

बाबांना मान वर करायची परवानगी नव्हती. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया करून आत वायूचा फुगा सोडला होता, आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून दिवसभर पालथं पडायचं होतं. डावा डोळा काचबिंदूनं आधीच नेलेला. म्हणजे जे काय उरणार ते ह्या एकात. फुगा विरला की कळेल, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

अशात त्यांना आठवली ती जपानी कादंबरी. मराठी अनुवाद, विटेएवढा जाड, निवृत्तीनंतर वाचीन म्हणून आमच्या अंबरपेठच्या घरी कपाटात ठेवलेला. "तूच वाच आता," ते मधे भोक असलेल्या उशीतून म्हणाले.

मी! शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. मराठी बोलते फडाफडा, वाचते मात्र अडखळत. घ आणि ध तर मला जुळी भावंडं वाटतात. त्यात कादंबरी अशी, की नायकाच्या घरात रोज एक खोली वाढते आणि त्याला सोडून गेलेली बायको भिंतीमागून भाजीचे भाव विचारते. मी चुकतेय की लेखकच तसा आहे, कळायला मार्ग नाही. चिडचिड व्हायची. वाचायचं थांबले की भीती वाटायची, म्हणून वाचत राहायचे.

"त्यानं नळ सोडला, आणि नळातून घार आली."

"धार," बाबा म्हणाले.

"घार लिहिलंय."

"नळातून घार कशी येईल गं? कालच तू केळ्यांच्या घडाचं धड केलंस. डोक्यावरची रेघ बघ, तुटलीय का?"

छपाई पुसट. मला काही ठरवता येईना. "तुम्हीच बघा मग!" तोंडातून निघून गेलं, आणि मी जीभ चावली.

बाबांनी उशीत कपाळ नीट टेकवलं.

"हौ, बघतो की," ते फरशीला म्हणाले. "तोवर धारच वाच."

मी निमूटपणे धार वाचलं आणि पानाचा कोपरा दुमडला.

कादंबरी संपली तरी फुगा पुरता विरला नव्हता. आता बसायची मुभा होती. आधी बाबा म्हणायचे, पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. मग तेही म्हणेनासे झाले. दिसतंय का, हे विचारायची माझी हिंमत होईना. चहाचा कप जरा लांब ठेवायचा आणि ते चाचपडतात का, हे चोरून बघायचं. चाचपडायचे.

एका सकाळी भाजी घेऊन आले, तर ते खिडकीपाशी भिंग धरून दुमडलेल्या पानावर वाकलेले. मी पिशवीसकट दारातच थांबले. त्यांचे ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. मला पुढं जाववेना.

"आलीस का?" त्यांनी मान वर केली. "अगं, रेघ तुटलेली नाही. घारच आहे."