भरतीच्या पाण्यातली मगरिब

माझी धाकटी मुलगी रत्नागिरीला तापात गेली, तेव्हा मी अबुधाबीत होतो. बातमी माझ्यापर्यंत आली तोवर तिला माती देऊनही झाली होती. त्यानंतर नमाजाला उभं राहणं माझ्याच्यानं होईना. मागायचं काय आणि कशासाठी, असं वाटायचं. साठच्या दशकातली ही गोष्ट. किनाऱ्यावर झावळ्यांची घरं आणि जरा लांब आमचा कंपनीचा कॅम्प, एवढीच तिथली वस्ती. माझे मामू त्याच कॅम्पात स्वयंपाकी होते. त्यांनी मला कधी टोकलं नाही. एका शुक्रवारी दुपारी एवढंच म्हणाले, "चल, गरी टाकायला जाऊ."

ओहोटी होती. गुडघाभर पाण्यातून आम्ही वाळूच्या एका उंचवट्यावर गेलो. कोळंबीचा तुकडा लावून दोरी टाकली की मासा ओढायचाच. मामूंच्या गरीला भलामोठा हमूर मासा लागला, तेव्हा ते पोटभर हसले. कितीतरी दिवसांनी मीही हसलो. त्या नादात भरतीनं मागची वाट कधी बुडवली, ते कळलंच नाही. मी पोहून गेलो असतो, पण मामूंचा एक पाय अधू होता. मी हाका मारल्या. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

सूर्य बुडाला. मामू म्हणाले, "मगरिब झाली. नमाज पढून घेऊ."

"मामू, पाणी चढतंय."

"चढू दे. आपल्या हातात आत्ता एवढंच आहे."

त्यांना एकटं कसं उभं राहू द्यायचं, म्हणून मी शेजारी उभा राहिलो. पाणी पोटऱ्यांना लागत होतं, त्यामुळे सजदा मान झुकवूनच केला. मी काही मागितलं नाही. मुलीचा चेहरा समोर आला आणि इतके दिवस अडलेलं रडू मोकळं झालं. सलाम फेरून नमाज संपवली, तर शीड उतरवलेली एक होडी आमच्याकडे येताना दिसली.

वल्ही मारणारा अरब म्हातारा मुंबईच्या फेऱ्यांत हिंदी शिकलेला होता. "हवा बंद हो गया," तो म्हणाला, "नहीं तो मैं उधर दूर से जाता. यल्ला, बैठो." त्यानं मामूंना हाताला धरून वर घेतलं. त्या संध्याकाळी त्याच्याच अंगणात हमूर भाजला आणि तिघांनी एका थाळीत खाल्ला.

वारा का पडला, याचा मी कधी काथ्याकूट केला नाही. मुलीचं दुःख आजही आहे. पण त्या दुःखासकट मालिकासमोर उभं राहता येतं, हे मला तिथं कळलं. त्याचा शुक्र मानावा तेवढा थोडाच.