किचनच्या मापात न बसलेली माणसं

आमच्या वर्कशॉपमध्ये रोज संध्याकाळी झाडू मारला की भुसा निघून जातो, किस्से तेवढे मागे राहतात. अंबडला आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. लोकांच्या नव्या घरांसाठी किचनची कपाटं आम्ही मापानं बनवतो. डिझाइन मी करते, लाकूडकाम सायखेड्याचे राजाभाऊ बघतात, आणि घरं बहुतेक निखिल सरांनी आखलेली असतात. सर आर्किटेक्ट. त्यांचा आग्रह एकच, किचन नंतर आणून ठेवल्यासारखं दिसता कामा नये, ते घराचाच भाग वाटलं पाहिजे. त्यात घरातली माणसं आली की किस्से होतातच. चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, ओझरचं सांगा.

तर ओझरचे काका. विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. किचन बसवून झालं तेव्हा त्यांनी खिशातून पातळ पत्र्यांची एक जुडी काढली आणि कपाटांच्या शटरांमधली, म्हणजे दारांमधली, प्रत्येक फट मोजायला बसले. एका ठिकाणी केसाएवढी जास्त निघाली. हे पास होणार नाही, म्हणाले. राजाभाऊ सकाळपासून राबून दमलेले.

"काका, किचन हाय हे. उडवायचं नाय."

काकांनी शांतपणे चष्मा काढला. "उडवायचं नाही म्हणून सैल ठेवायचं?"

राजाभाऊंनी पुन्हा पेचकस उचलला. सगळी शटरं उतरवली आणि बिजागऱ्या पुन्हा बसवल्या. आता वर्कशॉपमध्ये कोणी "चालतंय की" म्हणालं, तर राजाभाऊच त्याला विचारतात, "का? उडवायचं नाय म्हणून?"

*

गंगापूर रोडच्या एक काकू उंचीनं लहान. निखिल सरांनी त्यांच्या घरात खिडकीची कड, ओटा आणि डायनिंगचा कट्टा एका रेषेत आणला होता, आणि ती रेष खरंच सुंदर होती. काकूंनी ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं, हा ओटा कोणाच्या मापाचा? सर म्हणाले, स्टँडर्ड आहे.

"मग त्या स्टँडर्डबाईंना पोळ्या लाटायला बोलवा."

ओटा खाली आला. रेष मोडू नये म्हणून सरांनी खिडकी आणि कट्टाही खाली घेतला. त्या घरात भांडी घासतात काका, आणि ते चांगले उंच. वाकावं लागतं म्हणून त्यांनी माझ्यासमोर कुरकुर केली. काकू आतून म्हणाल्या, इतकी वर्षं मी टाचा उचलून उभी होते, तुम्ही थोडं वाका.

*

पंचवटीत एका गुरुजींचा नवा फ्लॅट. सुनेला ओपन किचन हवं होतं, मध्ये भिंत नकोच. गुरुजींना नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात करायला वेगळा ओटा हवा होता, आणि तिथे बाकी कोणाचा हात लागायला नको. दोघंही हटेनात. मी इकडून तिकडे निरोप पोचवून थकले. शेवटी आम्ही मागच्या भिंतीच्या एका टोकाला छतापर्यंत शटरं केली आणि नळासकट तो छोटा ओटा शटरांच्या आत बसवला. शटरं बंद केली की नुसतं भिंतीचं लाकडी पॅनेलिंग दिसतं.

वास्तुशांतीला पाहुणे गुरुजींना विचारत होते, नैवेद्य केला कुठे? गुरुजी म्हणाले, "ज्याला पोचायचा त्याला पोचला."

*

माझ्या स्वतःच्या घरी एक ड्रॉवर आहे, तो कमरेनं धक्का दिल्याशिवाय बंद होत नाही. नवरा पाहुण्यांना आवर्जून करून दाखवतो.

*

आणि हे पाथर्डी फाट्याकडचं.

घोटीचे दोन भाऊ, तांदळाचा व्यापार एकत्र. शेजारी शेजारी दोन बंगले बांधायला काढले, दोन्ही किचनच्या मध्ये एकच सामाईक भिंत. बांधकाम अर्ध्यावर असताना धंद्याची वाटणी झाली आणि भावांचं बोलणं बंद झालं. साइटवरसुद्धा दोघं वेगवेगळ्या दिवशी यायचे.

एका दुपारी दोघी जावा रिक्षानं वर्कशॉपला आल्या. थोरली शोभावहिनी, धाकटी मनीषा. शोभावहिनींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. विचारलं, त्या भिंतीत दोन्ही घरांतून उघडेल असं कपाट होतं का? मी म्हटलं, तुमच्या साहेबांना माहीत आहे का?

"त्यांनी बोलणं बंद केलंय," वहिनी म्हणाल्या. "आम्ही नाही केलेलं."

निखिल सर आधी तयार नव्हते. घराचा भार कॉलमवर आहे, भिंत फोडता येईल, पण मालकांपासून लपवून मी काही करणार नाही, म्हणाले. त्यांनी दोन्ही घरांच्या ड्रॉइंगमध्ये ते कपाट आरपार दाखवलं आणि दोन्ही भावांना वेगवेगळं समोर बसवून समजावलं. थोरल्यांनी ड्रॉइंगची घडी घातली. मग म्हणाले, किचनमधलं बायका बघतील. धाकट्यानंही जवळपास तेच सांगितलं. राजाभाऊंनी पाठ नसलेलं, दोन्हीकडे शटर असलेलं कपाट बनवलं. ते बसवताना मला मनातून धास्तीच होती. एका भांडणात कोणी विटा लावून बुजवून टाकलं तर?

दोन्ही घरांचं काम ताब्यात द्यायच्या दिवशी थोरले आपल्या किचनमधलं एकेक शटर उघडून बघत होते, मी मागे. शोभावहिनी सिंकपाशी कोथिंबीर धूत होत्या. थोरल्यांनी त्या आरपार कपाटाचं शटर उघडलं. आत स्टीलचा एक डबा होता, पलीकडे अंधार. ते बंद करणार, एवढ्यात पलीकडचं शटर उघडलं आणि उजेड आला. समोर धाकटा उभा.

दोघांचे हात शटरवर तसेच राहिले. वहिनींनी नळ बंद केला.

धाकटा डब्याकडे बघत म्हणाला, "दादा, तेवढा डबा इकडं सरकव. तिनं आणायला सांगितलाय."

थोरल्यांनी झाकण काढून पाहिलं. आत लाल मिरचीचा ठेचा होता. झाकण पुन्हा घट्ट लावलं, डबा पलीकडे सरकवला.

"तिखट हाय," ते म्हणाले. "तुला सोसत नाय."